डावीकडचं शून्य

तीस वर्षं मी मुलांना गणित शिकवलं. त्यातलं निम्मं ती विसरली आणि उरलेलं निम्मं मोबाइलने त्यांच्याकडून काढून घेतलं. पण माझं एक वाक्य राळेगाव तालुक्यात अजून चालू नाण्यासारखं फिरतं : डावीकडच्या शून्याला किंमत नसते. भाजीच्या गाडीवरचा विद्यार्थी ते ऐकवतो, एसटीतला कंडक्टर विद्यार्थी सुटे पैसे परत देताना ऐकवतो. एकाने तर लग्नात स्वतःच्या मेव्हण्याची ओळख करून दिली, "सर, हे आमच्या घरचं डावीकडचं शून्य."

निवृत्तीनंतर हे एकुलतं एक वाक्य एका जुन्या लॅपटॉपने खोडून काढलं. तेही ऐन पोळ्याच्या तोंडावर, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुलावर आलेली असताना.

लॅपटॉप भाच्याचा. तो हिंजवडीत कामाला आहे. दिवाळीला आला आणि जाताना तो माझ्या टेबलावर ठेवून गेला. "मामा, विंडोज याला झेपत नाही. लिनक्स टाकून दिलंय. यात काळ्या पडद्यावर नुसत्या आज्ञा द्यायच्या, माउसची गरज नाही." आज्ञा द्यायच्या म्हटल्यावर मला बरं वाटलं. शाळा सुटल्यापासून ती सोय राहिली नव्हती. घरात तर ती कधीच नव्हती.

हा जो काळा पडदा, त्यामागे बसून आपली आज्ञा ऐकणारा जो असतो त्याला शेल म्हणतात. माझ्या लॅपटॉपवरच्या शेलचं नाव बॅश. ब्रायन फॉक्स नावाच्या माणसाने ते १९८९ साली लिहिलं. त्याआधी बेल लॅब्समधल्या स्टीफन बोर्न यांचं शेल १९७९ पासून चालत होतं, त्याचा हा पुनर्जन्म, म्हणून नावात 'बोर्न अगेन' असा श्लेष. म्हणजे या धंद्यातले लोक विनोद करतात, फक्त ते कुणी हसू नये अशा जागी ठेवतात. एकेक आज्ञा रोज टंकायचा कंटाळा आला की त्या सगळ्या एका फाइलीत ओळीने लिहून ठेवायच्या, ती स्क्रिप्ट. घरातून निघताना बायको जी यादी देते तीच ही. फरक एवढाच की मी यादीतल्या दोन गोष्टी विसरतो आणि शेल यादीत लिहिलेली चूकसुद्धा इमानेइतबारे घेऊन येतं.

शिकायचं कुठून? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे, बॅशचे छोटे छोटे पाठ मराठी आवाजात मिळतात. मी वही आखली, समास पाडला आणि शिकू लागलो. निवेदनातली मराठी इतकी स्वच्छ की आपली चूक झाली तरी अपमान झाल्यासारखं वाटत नाही. अपमान नंतर पडद्यावर इंग्रजीतून व्हायचा.

आता शेतकऱ्याला स्क्रिप्ट कशाला, असं कुणी विचारेल. बायकोने विचारलंच. माझं शेत चार एकर, सगळी पऱ्हाटी. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात जे केलं ते आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. त्याच हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तेही नाही. तेव्हापासून मी ठरवलंय, भीती वाटली म्हणून पंप पाठीवर घ्यायचा नाही. आधी मोजायचं, मग फवारायचं. मोजायला कामगंध सापळे असतात. त्यात मादी पतंगाच्या वासाची गोळी, तिला ल्यूर म्हणतात, टांगलेली असते. वासाला भुलून नर येतात आणि खालच्या पिशवीत अडकतात. एका रात्रीत एका सापळ्यात आठ पतंग, आणि असं सलग तीन रात्री झालं, की अळीने नुकसानीची पातळी ओलांडली असं समजायचं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेपासून गावच्या कृषी सहायकापर्यंत सगळे हाच आकडा सांगतात. आठ.

(वासाने भुलवण्याचा राळेगाव तालुक्याला आणखी एक अनुभव आहे. २०१८ मध्ये आमच्या जंगलातल्या टी-१ वाघिणीला, अवनीला, शोधताना वन विभागाने परदेशी अत्तर वापरलं होतं. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता आणि २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली. त्यावर काही विनोद करवत नाही. एवढंच सांगतो की त्या काळात अंगाला सेंट लावून शेतात जायची इथे कुणाची हिंमत नव्हती.)

तर रोज सकाळी शेतात लावलेले आठही सापळे पाहायचे, ज्यात सगळ्यात जास्त पतंग असतील तो आकडा तारखेपुढे फाइलीत टाकायचा, आणि स्क्रिप्टने ती फाइल वाचून सांगायचं, 'चिंता नाही' किंवा 'फवारा'. एवढंच काम. सातवीतल्या पोराने बोटावर केलं असतं. मला दोन महिने लागले.

पहिल्याच दिवशी पडद्यावर उमटलं, परमिशन डिनाइड. माझंच यंत्र, माझीच फाइल, आणि मलाच परवानगी नाही. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, चमॉड करा. सातशे पंचावन्न." राळेगावात सातने सुरू होणारा एकच आकडा लोकांना माहीत आहे, सातबारा. पण भाचा समजावू लागला तसं माझ्या लक्षात आलं, अहो, हा सातबाराच की! फाइलीला एक मालक असतो, एक गट असतो, आणि मग इतर. आमच्या उताऱ्यावर भोगवटादार आहे, गट क्रमांक आहे, आणि इतर अधिकाराचा रकाना तर आहेच, ज्यात सोसायटीचं कर्ज बसलेलं असतं. वाचायचे चार गुण, लिहायचे दोन, चालवायचा एक. मालकाला सगळे मिळून सात, बाकीच्यांना वाचायचे-चालवायचे पाच. मला हे इतकं पटलं की मी फोनवरच म्हणालो, "म्हणजे जास्तीत जास्त सात. आठ-नऊ या हिशोबात येतच नाहीत!" भाचा म्हणाला, "हो मामा, तो ऑक्टल आकडा असतो." मी "बरं बरं" म्हणालो. वर्गात मुलं असं "बरं बरं" म्हणायची तेव्हा मी त्यांना उभं करत असे.

दुसरा आठवडा रिकाम्या जागेत गेला. आठ ही मर्यादा एका चलात ठेवायची होती. मी चलाला मराठी नाव दिलं, ते शेलला चाललं नाही. चलाचं नाव रोमन लिपीतच हवं. दिलं. मग शिस्तीत लिहिलं : मर्यादा, जागा, बरोबरीचं चिन्ह, जागा, आठ. उत्तर आलं, कमांड नॉट फाउंड. शेलला वाटलं, 'मर्यादा' नावाची कुणी आज्ञाच आहे आणि मास्तर तिला बोलावतोय. बरोबरीच्या चिन्हाला दोन्ही बाजूंनी चिकटूनच लिहावं लागतं. तीस वर्षं मुलांच्या वहीत 'चिन्हाभोवती जागा सोड' असं लाल शाईने लिहिलेलं हे हात; त्यांनी जागा काढून टाकल्या. मग तुलना करायला दुहेरी चौकोनी कंस टाकला, आणि या खेपेला जागा सोडली नाही म्हणून बोलणी बसली. कारण तो डावा दुहेरी कंस हा कंस नव्हेच, शेलच्या लेखी तो एक अख्खा शब्द आहे, आणि त्याला बाजूला मोकळी हवा लागते. एकाच घरात एक सोवळ्यातली आणि एक भांडखोर, तसा हा प्रकार. कुणाला चिकटायचं आणि कुणापासून लांब राहायचं, हे सून जसं पहिल्या वर्षात शिकते तसं मी शिकलो.

रिकाम्या जागेला हसू नये पण. २०११ साली बम्बलबी नावाच्या एका लिनक्स प्रकल्पाच्या स्क्रिप्टमध्ये, पुसायच्या फोल्डरच्या पत्त्यात मधेच एक जागा पडली. पत्त्याचे दोन तुकडे झाले. पुसायचं होतं आतलं एक लहानसं फोल्डर, आणि पुसायची आज्ञा सुटली अख्ख्या यूएसआर फोल्डरवर, ज्यात यंत्राचा बहुतेक संसार असतो. माळ्यावरचा एक डबा काढ म्हणावं आणि गड्याने माळाच काढावा.

जर-तर लिहायला 'इफ'. तो जिथे संपतो तिथे 'फि'. इफ उलटा. 'केस' संपली की 'एसॅक'. बोर्न यांचं अल्गोल ६८ या भाषेवर प्रेम होतं, तिकडची ही रीत. या न्यायाने 'डू' संपवायला 'ओडी' हवं होतं, पण ओडी नावाची आज्ञा युनिक्समध्ये आधीच नांदत होती, म्हणून तिथे साधं 'डन'. एका गावात दोन सरपंच कसे चालतील? मला मात्र ही उलट्या शब्दांची पद्धत आवडली. भाषण संपलं हे कळायला आमच्याकडेही काही पुढाऱ्यांना आपलं नाव उलटं म्हणायला लावलं पाहिजे.

आणि पाइप! एका आज्ञेतून निघालेलं दुसरीत सोडायचं, दुसरीतलं तिसरीत. डग मॅकिलरॉय यांची ही कल्पना, १९७३ साली युनिक्समध्ये आली. मधेच दोन वाटा करायच्या तर आज्ञेचं नाव 'टी'. कुठून आलं हे नाव? नळजोडणीतल्या टी-जोडावरून. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ठिबकच्या टी आणि एल्बोंनी माझा गोठा भरलेला आहे. सबंध युनिक्समध्ये ही एकच गोष्ट मला पहिल्या फटक्यात कळली, आणि माझ्या स्क्रिप्टला तिची गरज नव्हती.

स्क्रिप्ट चालू झाली. फक्त एक खुसपट राहिलं. भावाच्या शेतातल्या सापळ्यांची दुसरी फाइलही ती शोधायची, आणि भावाने सापळे लावलेलेच नव्हते. त्यामुळे रोज सकाळी 'चिंता नाही'च्या आधी, अमुक फाइल सापडत नाही, अशी एक ओळ उमटायची. निरुपद्रवी, पण डोळ्यात खुपणारी. त्यावर उपाय सापडला. तक्रारीच्या ओळी वेगळ्या वाटेने येतात, वाट क्रमांक दोन. ती वाट डेव्ह-नल नावाच्या जागी वळवायची. डेव्ह-नल म्हणजे गावाबाहेरची पडकी विहीर. काहीही टाका, बुडबुडासुद्धा ऐकू येत नाही. मी वळवली. पडदा स्वच्छ झाला. मला वाटलं, तक्रारी बंद करण्याचं एवढं सोपं तंत्र ज्यांना आधीच ठाऊक होतं ते सगळे कुठल्या कुठे पोहोचले, आणि मी इथे खडू झिजवत बसलो.

मग पोळा जवळ आला. आमच्या धुऱ्याशेजारचे काका सांगतात, "पोयाच्या अवसेले पाखरं वाढते, मास्तर." मी नोंदी करत होतो. पाच, सहा, सात. रकाना नीट दिसावा म्हणून मी दोन अंकी लिहायचो : ०५, ०६, ०७. (फाइलीत अर्थात इंग्रजी आकडे, देवनागरी आकडे शेलला कळत नाहीत.) पुढच्या तीन सकाळी ०८, ०९, ०८. तिन्ही दिवस स्क्रिप्ट चालवली. तिन्ही दिवस उत्तर, चिंता नाही. मी चहा घेतला.

चौथ्या सकाळी काका धुऱ्यावरून आले ते हातात दोन फुलं घेऊन. न उमललेली, पाकळ्या आतून चिकटलेल्या, गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी. डोमकळी. आत गुलाबी अळी पाकळ्या शिवून बसलेली असते.

"मास्तर, डोमकया लागल्या ना तुमच्या वावरात."

"असं कसं? मशीन तर म्हणते, चिंता नाही."

काकांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सापळ्यात किती सापडले?"

"काल आठ."

"परवा?"

"नऊ. त्याच्या आदल्या दिवशी आठ."

"मंग आठ म्हंजे आठच ना बावा? त्याले मशीन काहून इचारता?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्क्रिप्टमधली चूक शोधणं, हा आता नुसता छंद राहिला नव्हता.

चूक शोधायची पहिली रीत म्हणजे इको. स्क्रिप्टमध्ये जागोजागी दवंडी पिटायला लावायची : 'इथवर आलो', 'फाइल उघडली', 'आकडा वाचला'. मी अकरा दवंड्या पेरल्या. सगळ्या वाजल्या. 'आकडा वाचला : ०८', आणि लगेच खाली, चिंता नाही. समोर आठ दिसताहेत, मर्यादा आठ आहे, आणि हा गृहस्थ म्हणतो चिंता नाही. वर्गात असं करणाऱ्याला मी अंगठे धरून उभं केलं असतं.

भाच्याने दुसरी रीत सांगितली. बॅशला एक्सची खूण दिली की ते प्रत्येक ओळ करण्याआधी, पुढे अधिकचं चिन्ह लावून, मोठ्याने वाचून दाखवतं. चालवलं. काही दिसलं नाही. परत चालवलं. शांतता. भाच्याला म्हटलं, तुझा एक्स बिघडलाय. तो दोन मिनिटं गप्प राहिला आणि म्हणाला, "मामा, शेवटी तुम्ही ते डेव्ह-नल ठेवलंय का?" ठेवलं होतं. मोठ्याने वाचून दाखवायचं ते वाट क्रमांक दोननेच यायचं, आणि ती वाट विहिरीत. म्हणजे मी डॉक्टरला बोलावलं, आणि तोंडात बोळा कोंबलेल्या रोग्याला 'आ कर' म्हणत होतो.

बोळा काढला. पडद्यावर तीन दिवसांची साठलेली किंकाळी उमटली. आकडा या पायासाठी फार मोठा आहे. गोंधळाचा शब्द : ०८.

मी ती ओळ चारदा वाचली. शून्य-आठ फार मोठा? सात चालतो, दहा चालतो, आणि आठ मोठा?

उत्तर माझ्या वहीत चमॉडच्या पानावर होतं, जिथे मी "बरं बरं" म्हणालो होतो. बॅशच्या गणितात एखाद्या आकड्याच्या डावीकडे शून्य लिहिलं की तो दशमान राहत नाही, अष्टमान होतो. त्या पद्धतीत शून्य ते सात एवढेच अंक. म्हणून ०७ पर्यंत काहीच बिघडत नाही, सात तिकडेही सातच. ०८ आणि ०९ हे मात्र तिथे आकडेच नाहीत, निरर्थक खुणा आहेत. तुलना फसली, आणि फसलेली तुलना म्हणजे 'खोटं' असं धरून स्क्रिप्ट दुसऱ्या फांदीवर गेली, जिथे मी लिहून ठेवलं होतं, चिंता नाही. दहा पतंग आले असते तर ती बरोबर ओरडली असती. ज्या आकड्याला ओरडायचं, नेमकी त्याच आकड्याला तिची वाचा जायची. ही चाल बेल लॅब्सच्या जुन्या भाषांतून आलेली. तिथल्या यंत्रांतले आकडे माणसं तीन-तीन बिटांच्या गठ्ठ्यांनी वाचायची, तेव्हा ते सोयीचं होतं. सोय गेली, शून्य राहिलं.

डावीकडच्या शून्याला किंमत नसते! तीस वर्षं. किती पिढ्या.

त्या दिवशी संध्याकाळी मी भाजी घ्यायला गेलो नाही. गाडीवरच्या विद्यार्थ्याच्या तोंडाकडे बघवलं नसतं.

भाच्याने सांत्वन केलं. म्हणाला, सगळ्यांना हे एकदा होतंच; तारखांवर स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांची ऑगस्ट-सप्टेंबरला अशीच फजिती होते, कारण महिने ०८ आणि ०९. ऑक्टोबर लागला की आपोआप बरी होतात, मग कुणी कारण शोधत नाही. आणखी म्हणाला, खुद्द बॅशमध्येच एक भोक होतं, शेलशॉक नावाचं, ते जवळजवळ पंचवीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. २०१४ च्या सप्टेंबरात जाहीर झालं आणि जगभरच्या सर्व्हरवाल्यांची झोप उडाली. "तुमची चूक तीन दिवसांत सापडली मामा!" 'सापडली' म्हणणं हा त्याचा मोठेपणा. सापडली ती काकांना, डोमकळीत.

यंत्रातल्या चुकीला इंग्रजीत बग, म्हणजे किडा, म्हणतात. शब्द जुना, एडिसनही वापरायचा. पण खराखुरा किडा सापडल्याची प्रसिद्ध नोंद हार्वर्डच्या मार्क टू या यंत्राच्या वहीतली आहे. रिलेमध्ये पतंग अडकला होता. तो काढून तिथल्या लोकांनी वहीत चिकटपट्टीने डकवला आणि बाजूला शेरा मारला, की प्रत्यक्ष किडा सापडल्याचं हे पहिलंच प्रकरण. ग्रेस हॉपर ही गोष्ट पुढे रंगवून सांगायच्या. ती वही आता अमेरिकेत स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. नोंदीची तारीख ९ सप्टेंबर १९४७. दोन अंकी लिहायची तर ०९-०९. माझ्या स्क्रिप्टने ती तारीखही नाकारली असती.

आणि त्यांचा तरी एकच पतंग होता.

दुरुस्ती पाच मिनिटांची. आकड्याच्या आधी दहा आणि हॅश लिहायचं, म्हणजे शेलला बजावायचं की बाबा रे, हे दहाच्या पायात वाच. मी लिहिलं. डेव्ह-नलचा पत्ता खोडला. जुनी फाइल पुन्हा चालवली, आणि स्क्रिप्ट 'फवारा' म्हणाली, उशिरा. मास्क, हातमोजे, चष्मा घालून, वाऱ्याची दिशा बघून फवारणी केली. घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, हे सगळं त्या वहीत पेन्सिलीने लिहिलं असतं तर?" मी म्हणालो, पेन्सिलीला एक्सची खूण देता येत नाही. तिने मला पाणी दिलं.

त्यानंतर स्क्रिप्टने दगा दिला नाही. रोज सकाळी मी सापळे पाहत होतो, आकडा टाकत होतो. ०३, ०१, ०१, ००, ००, ००. दोन आठवडे नुसती शून्यं, डावीकडेही आणि उजवीकडेही. स्क्रिप्ट म्हणायची, चिंता नाही, आणि आता तिच्या शब्दावर माझा भरवसा होता, कारण तिची प्रत्येक ओळ मी एक्स लावून ऐकली होती. विजयादशमीच्या सुमाराला मी काकांना मुद्दाम लॅपटॉप दाखवायला घेऊन गेलो. पडद्यावर शून्यांचा सरळ रकाना. काकांनी तो पाहिला, "साजरा दिसते," म्हणाले आणि उठून सापळ्याकडे गेले. ल्यूरची गोळी खाली काढली, उलटसुलट केली, नाकाला लावली.

"मास्तर, हे कवा बदलली होती?"

मी आठवू लागलो. पोळ्याच्या आधी लावली होती. पाकिटावर मुदत लिहिलेली होती, आणि पाकीट मी फायलीत जपून ठेवलं होतं.

"वासच नाई राह्यला बावा इले," काका म्हणाले. "आता नर कायले येतीन?"